युंगियन ॲनालिस्ट व्हायचंय? आधी पेशंटच्या खुर्चीत बसा

"मॅडम, मला युंगियन ॲनालिस्ट व्हायचंय, कुठला कोर्स करू?" असा मेसेज मला अधूनमधून येतच असतो. (युंगियन म्हणजे स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगच्या पद्धतीचा, स्वप्नं आणि नेणीव धरून काम करणारा.) पाठवणारा बहुधा तिशीतला असतो. आयटीत कंटाळलेला किंवा सायकॉलॉजीत एमए झालेला, उशाशी स्वप्नांची वही ठेवणारा आणि यूट्यूबवर 'शॅडो वर्क' (स्वतःच्या नाकारलेल्या बाजूला सामोरं जाणं) ऐकून ऐकून बेचैन झालेला. माझं उत्तर ठरलेलं आहे: कोर्सचं नंतर बघू, आधी स्वतः ॲनालिसिसला बसा, म्हणजे ॲनालिस्टसमोर पेशंट म्हणून स्वतःचं मन उलगडा. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. त्यात सर्टिफिकेट नाही, फोटो टाकण्याजोगं काही नाही आणि खिशाला चाट आहे.

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करते. हे ट्रेनिंग मी इथे राहूनच, राउटर म्हणून पूर्ण केलं. राउटर म्हणजे काय ते पुढे सांगते. झुरिकला राहून शिकलेले सहकारीही माझ्या ओळखीचे आहेत, त्यामुळे दोन्ही वाटांवरचे खड्डे मला ठाऊक आहेत.

आधी पाटी कुणाची, ते समजून घ्या

या धंद्यात 'युंगियन ॲनालिस्ट' म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन फॉर ॲनालिटिकल सायकॉलॉजी, म्हणजे आयएएपी, या संस्थेचा सभासद. ही संस्था 1955 मध्ये झुरिकला स्थापन झाली. वेगवेगळ्या देशांतल्या ट्रेनिंग सोसायट्या तिच्या छत्राखाली येतात. बाकी मग युंगियन कोच, डेप्थ सायकॉलॉजीची एखादी ऑनलाइन पदवी, टॅरो अधिक आर्किटाइप्सची (माणसांच्या मनातल्या सामाईक आदिप्रतिमांची) वीकेंड कार्यशाळा, यांतलं काहीही करा, मजा येत असेल तर जरूर करा. पण त्यातून ॲनालिस्ट होता येत नाही. एमबीटीआय या व्यक्तिमत्त्व-चाचणीचं सर्टिफिकेट ही तर पायरीसुद्धा नाही. युंगने 1921 मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर लिहिलं. त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती प्रश्नावली केली, आणि दोघींपैकी कुणीही मानसशास्त्रज्ञ नव्हतं. एचआरवाल्यांना ती प्यारी आहे, असू दे.

दुसरी पाटी सरकारी. ॲनालिस्टचा डिप्लोमा तुम्हाला भारतात आपोआप काहीही परवानगी देत नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते, ती तुमची तुम्ही मिळवायची. स्वित्झर्लंडमध्येही हेच. तिथे 2013 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार मानसशास्त्रातली मास्टर्स नसेल तर सायकोथेरपिस्टचा परवाना मिळत नाही, मग भिंतीवर झुरिकचा डिप्लोमा असो नाहीतर नसो. अमेरिकेतल्या बऱ्याच इन्स्टिट्यूट प्रवेशालाच राज्याचं लायसन्स मागतात. झुरिकची परंपरा मात्र उदार. मास्टर्स कुठल्याही शाखेची चालते, म्हणून तिथे इंजिनियर, पाद्री, नर्तक, वकील असे सगळे भेटतात. मराठीत एमए केलेल्या माणसालाही तिथलं दार बंद नाही, पण परत आल्यावर पेशंट कुठल्या नात्याने घेणार, याचं उत्तर तिकीट काढण्याआधी शोधा. माझा आग्रह असा की वय पंचविशीच्या आसपास असेल तर आधी इथली क्लिनिकल पात्रता पुरी करावी. सायकोसिस (वास्तवाशी नातं तुटणारा गंभीर मनोविकार) समोर बसलेला असताना त्याला 'आध्यात्मिक जागृती' समजणारा ॲनालिस्ट कुणाच्या वाट्याला येऊ नये. मानसोपचार विभागाच्या वॉर्डात काढलेले दिवस इथे फार उपयोगी पडतात.

स्वतःचं ॲनालिसिस

ज्याला ॲनालिस्ट व्हायचंय त्याचं आधी स्वतःचं ॲनालिसिस झालं पाहिजे, ही मागणी मुळात झुरिकवाल्यांची. 1912 मध्ये खुद्द फ्रॉइडने त्याचं श्रेय झुरिकच्या मंडळींना दिलं होतं. पुढच्याच वर्षी त्याचं आणि युंगचं फाटलं, पण हा नियम दोन्ही घराण्यांनी सांभाळला. आज झुरिकमध्ये ट्रेनिंगभर मिळून 300 तासांच्या आसपास ॲनालिसिस अपेक्षित असतं. राउटरसाठी किमान 240 तास, आणि वेगळी 100 तास सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी ॲनालिस्टसमोर आपल्या केसेस मांडणं. आठवड्याला एक तास, सुट्ट्या वजा जाता वर्षाला 44 धरले, तर 240 तासांना साडेपाच वर्षं लागतात. म्हणून मी म्हणते, अर्ज करायच्या आधीच सुरू करा. ट्रेनिंगचा खरा वेळखाऊ भाग हाच, आणि बाकी सगळं याच्याच खुंटीला टांगलेलं आहे.

ॲनालिस्ट शोधायचा आयएएपीच्या वेबसाइटवरच्या सभासदयादीत. पहिल्या भेटीत तीन गोष्टी सरळ विचारायच्या. तुमच्याकडचे तास ट्रेनिंगला धरले जातील का? ऑनलाइन तास किती चालतात आणि समोरासमोर किती लागतात? फी कमी होईल का? तिसरा प्रश्न विचारताना आपल्याकडच्या माणसाची जीभ अडखळते. अडखळू देऊ नका. तासाला 120 फ्रँक धरले तर 300 तासांचे 36,000 फ्रँक होतात. फ्रँक शंभर रुपयांचा धरला तरी ते 36 लाख. त्यात झुरिकजवळच्या क्यूसनाख्टमधलं घरभाडं नाही, परीक्षा फी नाही, विमान नाही. भारतातल्या उमेदवाराला सवलत देणारे ॲनालिस्ट आहेत, पण विचारल्याशिवाय कुणी देत नाही. आणि फीवरून तुमच्या पोटात जे ढवळून निघतं, ते पुढच्या तासाला तिथेच बोलायचं असतं. तोही ॲनालिसिसचाच भाग.

घड्याळाचंही बघून ठेवा. झुरिक उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ सरकतं, आणि सोमवारी तुम्ही तासभर आधी किंवा उशिरा लॅपटॉपसमोर बसता. घरात दार लागणारी एक खोली लागते. ती नसेल तर पार्क केलेली गाडी चालते. सासूबाई दाराबाहेर भाजी निवडत असतील, तर आईबद्दलचं स्वप्न कुणाच्याही तोंडून निघत नाही.

स्वप्नं लिहायची ती ज्या भाषेत पडली त्या भाषेत. डाव्या पानावर स्वप्न, वर्तमानकाळात, जसंच्या तसं. उजव्या पानावर आदल्या दिवशी काय घडलं ते, आणि स्वप्नातल्या एकेका गोष्टीवरून मनात काय येतं ते. अर्थ लिहायचा नाही. विशेषतः पहाटे साडेपाचला सुचलेला अर्थ तर नाहीच. सुरुवातीला 'साप म्हणजे कुंडलिनी' असं लिहायला हात शिवशिवतात. साप कुठे होता, केवढा होता, तुम्ही काय केलंत, ते लिहा. मोरीच्या जाळीतून डोकं काढणारा धामणीचा साप वेगळा आणि शंकराच्या गळ्यातला वेगळा.

एक दिलाशाची गोष्ट: बहुतेक संस्थांत तुमचा ॲनालिस्ट तुमच्याबद्दल परीक्षकांना काहीही सांगत नाही, फक्त तास झाल्याचं लिहून देतो. सुपरव्हायझर मात्र मत देतो, म्हणून ही दोन माणसं वेगळी असावी लागतात.

कुठली वाट

झुरिकमध्ये दोन घरं आहेत. जुनं 1948 मध्ये सुरू झालेलं सी. जी. युंग इन्स्टिट्यूट, जे 1979 पासून क्यूसनाख्टला तळ्याकाठी आहे. युंगचं राहतं घरही त्याच गावात. झुरिकहून एस 6 किंवा एस 16 गाडीने थोड्या मिनिटांत पोहोचता. दुसरं आयसॅप, 2004 मध्ये त्यातूनच फुटून निघालेलं. दोन्हीकडे इंग्रजीत शिकता येतं. भांडण काय होतं यात नवख्याने पडू नये. दोन्हीकडचा एकेक ॲनालिस्ट भेटा आणि ज्याच्यासमोर खोटं बोलणं अवघड जातं त्याच्याकडे जा.

लंडनच्या सोसायटी ऑफ ॲनालिटिकल सायकॉलॉजीचा बाज निराळा. ती 1946 ची, मायकेल फोर्डमच्या वळणाची. तिथे बाळपण आणि ट्रान्सफरन्सवर (पेशंटच्या जुन्या नात्यांतल्या भावना ॲनालिस्टवर येण्यावर) भर, कोचावर आडवं होणं आणि आठवड्यातून तीन-चार तास. झुरिकमध्ये समोरासमोर खुर्च्या, आठवड्याला एक-दोन तास, आणि स्वप्नं, मिथकं, परीकथा. वेळ आणि पैसा कुठे जास्त लागतो हे सांगायला नकोच. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या भागातली इन्स्टिट्यूट बघावी, किंवा इंटर-रीजनल सोसायटी. ती मोठ्या शहरांपासून लांब राहणाऱ्यांसाठीच 1973 पासून आहे.

आणि तिसरी वाट, माझी. भारतात अजून स्वतःची पूर्ण ट्रेनिंग सोसायटी नाही. बेंगळुरूत युंगियन काम बरीच वर्षं चालू आहे, पण डिप्लोमा देणारी संस्था म्हणून नव्हे. अशा देशांतल्या लोकांसाठी आयएएपीने राउटरची सोय केली. आपल्या देशात थेरपीची पात्रता असलेला माणूस अर्ज करतो, मुलाखती होतात, मग तो परदेशी ॲनालिस्टांकडे ॲनालिसिस आणि सुपरव्हिजन घेतो, अधलीमधली एक आणि शेवटची एक अशा परीक्षा देतो आणि वैयक्तिक सभासद होतो. पेशंट इथलेच, प्रॅक्टिस चालू. तोटा एकच, पण मोठा: संध्याकाळी लेक्चर संपल्यावर चहा प्यायला सोबत कुणी नसतं. वाचनगट स्वतः जमवावा लागतो. आमचा चार जणांचा होता, त्यातला एक नागपूरचा आणि तो कायम म्यूटवर.

मुलाखतीत तीन माणसं तीन वेगवेगळ्या वेळी भेटतात, असं साधारण चित्र असतं. तुमचं वाचन किती आहे यात त्यांना फारसा रस नसतो. माझ्या ओळखीच्या एका हुशार माणसाने पातंजल योगसूत्रांपासून सुरुवात केली आणि समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या वडिलांशी शेवटचं भांडण कशावरून झालं?" तो गप्प. त्याला पुढच्या वर्षी परत यायला सांगितलं गेलं.

हातात स्टॉपवॉच

परीक्षेच्या विषयांत स्वप्नं, गंड (कॉम्प्लेक्स), मनोविकार, परीकथा, धर्मांचा इतिहास असं बरंच काही येतं. सगळ्यांवर लिहीत नाही. एका प्रयोगावर मात्र लिहिते, कारण पुस्तकात तो कंटाळवाणा वाटतो आणि हाताने करताना अंगावर काटा येतो.

शब्दसाहचर्याचा प्रयोग युंगने बुर्गहोल्त्स्ली या झुरिकच्या मनोरुग्णालयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिकलिन या सहकाऱ्याबरोबर केला. 100 शब्द. तुम्ही एकेक म्हणायचा, समोरच्याने सुचेल तो पहिला शब्द सांगायचा, तुम्ही वेळ मोजायची. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि आता त्याने आधीचीच उत्तरं आठवून सांगायची. प्रयोगाला आपला पेशंट घ्यायचा नसतो, हौशी माणूस घ्यायचा. माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ आले. (तपशील बदलले आहेत.) यादीची सुरुवात डोकं, हिरवं, पाणी, गाणं म्हणणं, मरण, लांब, जहाज. 'मरण'ला त्यांनी फटकन 'जगणं' म्हटलं. 'जहाज'ला 'समुद्र'. मग 'पैसे देणं'. ते म्हणाले, "पैसे देणं?" मग हसले, चष्मा काढला, आणि कितीतरी वेळाने म्हणाले, "पावती." पुढचा शब्द 'खिडकी'. यावर कुणीही 'दार' म्हणतं. त्यांना तिथेही वेळ लागला आणि उत्तर आलं, "गज." दुसऱ्या फेरीत 'पैसे देणं'ला ते ठामपणे म्हणाले, "बिल."

आता बघा, किती खुणा एका जागी पडल्यात: शब्द परत विचारणं, हसणं, उशीर, तो उशीर पुढच्या निरुपद्रवी शब्दावर सांडणं आणि दुसऱ्या फेरीतलं चुकीचं आठवणं. सगळ्या वेळांची मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ) काढायची, तिच्या वर गेलेले शब्द तांबड्या पेनने घेरायचे, आणि मग शांतपणे गप्पा मारायला बसायचं. भावाच्या कर्जाला जामीन राहिल्याची गोष्ट बऱ्याच वेळाने निघाली, आणि गजांची त्याहून उशिरा. नवखा उमेदवार 'गज' ऐकल्याबरोबर तुरुंग, बंधन, शॅडो असा सुटतो. सुटू नका. त्या माणसाला विचारा, कुठल्या खिडकीचे गज.

भंडाऱ्यावरचा निबंध

सिम्बॉल पेपर, म्हणजे एखाद्या प्रतीकावरचा निबंध, हा प्रकार मराठी माणसाला सोपा वाटतो, कारण आपल्याकडे प्रतीकांचं कोठार भरलेलं. तिथेच फसगत. मी भंडाऱ्यावर लिहिला. माझ्याच एका स्वप्नात स्टीलच्या पातेल्यात काठोकाठ भंडारा होता आणि तो बोटांना लागत नव्हता.

रीत अशी. आधी वैयक्तिक: माझ्या घरात हळद कुठे होती, कुणाच्या हाताला, कुणाला वर्ज्य. आजी विधवा झाल्यावर हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरात बसून राहायची, ते इथे आलं. मग संस्कृती: जेजुरी, सोमवती अमावस्येला कऱ्हेवर जाणारी खंडोबाची पालखी, येळकोटाच्या गजरात पिवळा होणारा गड, लग्नातली हळद, म्हाळसा आणि बाणाई. इथे वाचायला उत्तम माल आहे. रा. चिं. ढेरे आहेत, आणि गुंथर सोंथायमर हा जर्मन अभ्यासक, ज्याने खंडोबाच्या आणि धनगरांच्या मागे आयुष्य घालवलं. मग शेवटी जगभरातलं: सोनं, केशर, बौद्ध चीवर, युरोपातली किमया (अल्केमी). किमयेत काळा, पांढरा, पिवळा, तांबडा असे चार टप्पे होते आणि पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास पिवळा गळून तीनच उरले, असं युंगने नोंदवलंय. हे वाचलं तेव्हा मी उडालेच. 'गळून गेलेला पिवळा' या एका कल्पनेवर मी दहा पानं लिहिली.

सुपरव्हायझर बाईंनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, "पण तो तुमच्या बोटांना का लागत नव्हता?"

निबंधाचं वजन याच प्रश्नावर तोललं जातं. जगभरची उदाहरणं गोळा करायची ती स्वप्नातल्या चित्राकडे परत येण्यासाठी. ज्या उदाहरणाने ते चित्र जास्त स्पष्ट दिसत नाही, ते कापायचं. माझी सहा पानं कापली गेली, आजी राहिली.

युंग आणि आपण

इथे थोडं स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडचे बरेच जण युंगकडे 'पाश्चात्त्यांतला आपला माणूस' म्हणून येतात. तो 1937 च्या शेवटी मुंबईत उतरला, कोलकात्याच्या सायन्स काँग्रेसच्या निमित्ताने देशभर फिरला, सांचीने भारावला, कोलकात्यात पोट बिघडून इस्पितळात पडला, आणि रमण महर्षींना मुद्दाम भेटला नाही. उपनिषदांतल्या आत्म्यावरून त्याने पुष्कळ घेतलं आणि ते मान्यही केलं. पण भारतीय मन, आफ्रिकी माणूस, 'आदिम' लोक यांच्याविषयी त्याने जे लिहिलंय, त्यातलं काही आज वाचवत नाही. 2018 मध्ये युंगियनांच्याच एका गटाने आफ्रिकेविषयीच्या त्याच्या लिखाणाबद्दल उघड पत्र लिहून खेद व्यक्त केला. 1930 च्या दशकात नाझींच्या जर्मनीशी जोडलेल्या वैद्यकीय सोसायटीचं अध्यक्षपद त्याने घेतलं, त्यावरही चर्चा संपलेली नाही. जाणकार ट्रेनिंगमध्ये हे सगळं शिकवतात. गटात तुम्ही एकटे भारतीय असाल तर दर वेळी 'तुमच्याकडे याबद्दल काय म्हणतात?' असं विचारलं जाईल. एकशे चाळीस कोटींच्या वतीने बोलायला नकार द्यायला शिका. आपल्या आजीबद्दल बोला.

सबीना श्पीलराइनचं प्रकरणही वाचा. ती 1904 मध्ये युंगची पेशंट होती, पुढे स्वतः मोठी मनोविश्लेषक झाली, आणि दोघांमधल्या मर्यादा पाळल्या गेल्या नाहीत. आज प्रत्येक सोसायटीला आचारसंहिता आणि तक्रार समिती असते. ॲनालिस्ट निवडताना ती आहे का, हे बघायला संकोच नको.

पेशंट सुरू झाल्यावर

निम्म्या वाटेवरची परीक्षा पास झाली की सुपरव्हिजनखाली केसेस घ्यायच्या. इथे लांब पल्ल्याच्या केसेस लागतात, आणि आपल्याकडे लोक चार सेशनमध्ये बरं व्हायला येतात. त्यामुळे सुरुवातीलाच फी, सुट्टीचे आणि न आल्याचे नियम, वेळ हे सगळं कागदावर द्या. दिवाळीत तुम्ही नसणार हे ऑगस्टमध्ये सांगा. सुपरव्हिजनला जाताना स्वप्न मराठीतच वाचून दाखवा, मग इंग्रजीत सांगा. पेशंटची वाक्यं जशीच्या तशी टिपा, तुमची स्वतःची तर नक्कीच, कारण सुपरव्हायझर नेमकं तिथे बोट ठेवतो. पेशंटचा तास संपल्यावर लगेच दहा मिनिटं लिहिण्यासाठी मोकळी ठेवा. दोन पेशंट पाठोपाठ लावलेत तर दुसऱ्याच्या नोंदीत पहिल्याची आई घुसते.

शेवटच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी एखादं अनोळखी स्वप्न, एखादी परीकथा आणि स्वतःची केस समोर येते, शिवाय झुरिकमध्ये प्रबंध. परीकथा ग्रिमची असण्याची शक्यता जास्त. ग्रिम वाचाच, पण सराव चिमणी-कावळ्याच्या गोष्टीवर करून बघा. मेणाच्या घरातल्या चिमणीने 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' म्हणत दार किती वेळ उघडलं नाही आणि मग कावळ्याला कुठे बसवलं, यावर तासभर बोलता आलं तर तयारी ठीक आहे.

आणि हे सगळं वाचूनही करायचंच असेल, तर आज एक मेल लिहा. सभासदयादीतून तीन ॲनालिस्ट निवडा, तिघांना वेगवेगळं पाठवा. पाच-सहा ओळी पुरतात: मी कोण, काय काम करतो, ट्रेनिंगचा विचार आहे पण आधी ॲनालिसिस हवंय, भारतीय वेळेनुसार कधी मोकळा आहे, आणि महिन्याला किती परवडेल तो आकडा. स्वप्न जोडू नका, जीवनकथा जोडू नका. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा. युरोपात ऑगस्टमध्ये सगळे सुट्टीवर असतात, तेव्हा तो महिना धरू नका.